लून पक्ष्याची ललकारी

उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या सरोवरांवर उन्हाळ्यात वीण करणारा ‘सामान्य लून’ (गाविया इमर) हा बुडी मारून मासे पकडणारा पक्षी होय. त्याची बहुतेक हाडे भरीव असून पाय शरीराच्या अगदी मागील टोकास असतात. ही रचना बुडी मारण्यास अनुकूल. परंतु तिच्यामुळे जमिनीवर चालणे त्यास फार कष्टाचे होते. साहजिकच घरटे पाण्यालगत बांधावे लागते. वीण करण्याजोगे सरोवर मिळविणे व ते राखणे हा म्हणूनच त्याच्या जीवनातील कळीचा प्रश्न ठरतो. त्यासाठी होणाऱ्या झुंजीत कधीकधी नराचा अंतही होतो.

लूनच्या आवाजांचे चार प्रकार मानले जातात. जोडीदारास साद घालणारी लांबलचक हाळी, भयाच्या प्रसंगी निघणारा कंपस्वर, कुटुंबातील हलका हुंकार आणि सरोवरावर हक्क सांगणारी ललकारी. ह्यांपैकी ललकारी केवळ नरच देतो. प्रत्येक नराची ललकारी निराळी असते आणि ती वर्षानुवर्षे सहसा बदलत नाही. धिप्पाड नराचा स्वर खालच्या पट्टीत असतो, तर वजन घटले की तो वर चढतो. एवढ्यावरून ललकारी म्हणजे देहाचाच ठसा, असे कोणासही वाटेल.

तथापि चार्ल्स वॉलकॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ह्या समजुतीस छेद दिला. खुणेची कडी घातलेल्या नरांचे आवाज त्यांनी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित केले. नर नव्या सरोवरावर गेला की त्याची ललकारीही बदलते, आणि हा बदल तेथील पूर्वीच्या धन्याच्या ललकारीपासून अधिक दूर जाणारा असतो, असे त्यांस आढळले. आवाज घडविण्याची क्षमता मुख्यत्वे गाणारे पक्षी, पोपट आणि गुंजनपक्षी ह्यांच्यात दिसून येत असल्याने हा निष्कर्ष लक्षणीय ठरतो.

चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांहून असलेल्या त्याच्या भेदात असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे सहज आठवतो. अर्थात लूनची ललकारी ही भाषा नव्हे. तीत शब्द नाहीत, वाक्यरचनाही नाही. परंतु तिच्यात दोन थर स्पष्टपणे वेगळे करता येतात. पट्टी देहाशी बांधलेली असते. तिच्यावरून नराचे बळ कळते. ललकारीचा घाट मात्र स्थळाशी निगडित असतो; सरोवराचा धनी बदलला, हे त्यावरून कळू शकते. प्राण्यांचे आवाज म्हणजे निव्वळ शारीरिक उद्गार, असे मानून चालणाऱ्या अभ्यासकाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.