नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

परतवाड्यात सकाळी सातला आमदारांच्या कार्यालयाचं शटर वर जायचं, तेव्हा पायरीवर दहा-बारा माणसं आधीच बसलेली असायची. कुणाच्या पिशवीत संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, कुणाच्या खिशात नागपूरच्या दवाखान्याचं बिल, कुणाच्या हातात काहीच नाही. "डीपी जयली भाऊ, आठ दिवस झाले. संत्र्याले पाणी नाई." जळालेल्या रोहित्राला आमच्याकडे कुणीही रोहित्र म्हणत नाही. पत्रात मात्र 'रोहित्र'च लिहायचं. 'डीपी' लिहिलं की पत्र हलकं होतं, असं मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आलं.

ती पत्रं लिहिण्याचं काम मी दोन वर्षं केलं. आमच्या भागात विधानसभेचे आमदार असतात तसे परिषदेचेही असतात; मी कुणाकडे होतो ते इथे गाळतो. काम सगळीकडे सारखंच. दिवसाला तीस-चाळीस पत्रं. लेटरहेड, जावक क्रमांक, विषय, 'उपरोक्त विषयान्वये', खाली सही. पायरीवरच्या माणसाला मजकुरात फारसा रस नसतो. तो सही ओली आहे की छापील, एवढंच अंगठ्याने चाचपून बघतो.

यातली बरीच पत्रं तहसील, वीज कंपनी, बांधकाम विभाग इथेच जिरतात. उरलेली घेऊन मुंबईला जायचं. रात्री अमरावती-मुंबई गाडी, सकाळी आकाशवाणी आमदार निवासात आंघोळ, मग मंत्रालय. मंत्र्यांपुढे पत्र गेलं की त्यावर शेरा पडतो, आणि शेरा वाचणं ही एक वेगळी विद्या आहे. 'तपासून सादर करावे' असं असेल तर कागद निदान एकदा तरी मंत्र्यांकडे परत यायचा असतो. 'नियमानुसार कार्यवाही करावी' असं असेल तर त्याला निरोप द्यायचा. मला सुरुवातीला हा दुसरा शेराच भारदस्त वाटला होता. खुशीत गावाकडे फोनही लावला होता.

आमच्या अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला आमदाराकडून तीन मोठ्या गोष्टी हव्या असतात, आणि त्यातल्या दोन आमदाराच्या हातातच नाहीत. पहिली फिनले मिल. ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्राची. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भोंगा थांबला. दुसरी शकुंतला रेल्वे. मूर्तिजापूर ते अचलपूर 77 किलोमीटर, दोन रुळांत जेमतेम 762 मिलिमीटर अंतर. ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीने कापसासाठी घातलेली ही लाइन स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं खासगी कंपनीच्या मालकीची राहिली. गाडी चालवायची भारतीय रेल्वे. मालक एक, चालक दुसरा, आणि पत्र लिहिणारा तिसरा! तिसरी मागणी स्वतंत्र अचलपूर जिल्ह्याची. ही राज्याच्या हातातली खरी, पण एकट्या आमदाराच्या नाही. इमादशाहीत वऱ्हाडची राजधानी असलेल्या गावाला प्रत्येक मोठ्या कागदासाठी अमरावतीची एसटी धरावी लागते, हे दुल्हा गेटजवळच्या चहाच्या टपरीवर कुणीही तुम्हाला न विचारता सांगेल.

उलट आमदाराच्या हातात जे खरोखर असतं, ते मागायला पायरीवर बसलेला माणूस मी एकदाही पाहिला नाही. सभागृहात मंत्र्यांना विचारायचा तारांकित प्रश्न.

प्रश्नाची भाषा ठरलेली. 'चांदूर बाजार व अचलपूर तालुक्यांत संत्र्याची मोठ्या प्रमाणात गळ झाली, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने त्याची पाहणी केली आहे काय. असल्यास, पाहणीत काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' शेवटचं वाक्य जवळपास प्रत्येक प्रश्नाला असतंच. विलंब झालेला आहे, हे विचारणाऱ्याने आणि उत्तर देणाऱ्याने जणू आधीच मान्य केलेलं. उत्तरंही तशीच. 'होय.' 'अंशतः खरे आहे.' आणि माझं सर्वांत आवडतं, 'प्रश्न उद्भवत नाही.' झाडाखाली संत्र्यांचा पिवळा सडा पडलेला असतो आणि प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गळ झाली की तिच्याबद्दल विचारायला डिसेंबर उजाडतो. यादीत क्रमांक खाली लागला तर प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्न पुकारलाच जात नाही, नुसतं छापील उत्तर हातात येतं. वर लागला तर मात्र उपप्रश्न विचारता येतो, आणि आमदाराची सगळी परीक्षा तिथे असते. त्यासाठी आम्ही वीतभर कागदाची चिठ्ठी तयार ठेवायचो. मंत्री म्हणाले 'अहवाल प्राप्त झाला आहे', तर विचारा: कोणत्या तारखेला? म्हणाले 'कार्यवाही सुरू आहे', तर: कोणाच्या टेबलावर? तारीख आणि टेबल या दोन शब्दांनी मागच्या अधिकारी गॅलरीत जी हालचाल होते, ती भाषणाने होत नाही. पण टीव्हीवर दिसतं ते भाषण, म्हणून गावाला भाषण हवं असतं.

कधी काही हलतंही. बांगलादेशाने आमच्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत किलोला 88 रुपयांपर्यंत नेलं, तेव्हा आमच्या बागवानांचं मोठं गिऱ्हाईक तुटलं. परदेशाचं शुल्क मुंबईतून कमी होणार नव्हतं. तरी 2023 च्या अखेरीस राज्याने निम्म्या शुल्काइतकं अनुदान द्यायचं ठरवलं.

हिवाळी अधिवेशन नागपूरला. 1953 च्या नागपूर कराराची ही देणगी, आणि आमदाराच्या माणसांची कसोटी. मुंबईला दहा माणसं येतात, नागपूरला अख्खा मतदारसंघ. आमदार निवासाच्या खोलीत दोन खाटा आणि जमिनीवर चौदा जण. सकाळी उठून सगळ्यांना एकच पाहिजे असतं: प्रेक्षक गॅलरीचा पास. "दहा मिन्टं पायतो अन् येतो जी." तिकडे यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघालेले. त्यातही आपल्याच गावचे लोक असतात, आणि अंगणवाडी सेविकांच्या मोर्चातून फोन येतो की दुपारी जेवायला खोलीवर येतो.

सभागृह आणि रस्ता यांचं नातं अचलपूरला जास्तच ठाऊक आहे. बच्चू कडू इथून 2004 पासून सलग चारदा निवडून आले, राज्यमंत्रीही झाले. दिव्यांगांसाठी त्यांनी लावून धरलेली स्वतंत्र विभागाची मागणी 3 डिसेंबर 2022 ला पुरी झाली. 2024 मध्ये ते हरले, भाजपचे प्रवीण तायडे निवडून आले. त्यानंतर कडूंनी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी जून 2025 मध्ये गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ट्रॅक्टर घेऊन नागपूरचा महामार्ग अडवला. कर्जमाफीच्या निर्णयासाठी 30 जून 2026 ही तारीख सरकारने दिली, ती त्या आंदोलनानंतर. लोकांची अडचण झाली ती झालीच, वाहनांच्या रांगांत रुग्णही असतात. पण आमच्या चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न, 'कोणत्या तारखेला?', त्याचं उत्तर आमदारकी नसलेल्या माणसाला मिळालं, हे मी लिखापढी करणारा म्हणून नोंदवून ठेवतो.

माझ्या काळात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फिनले मिलमधले एक कामगार यायचे. साठीला टेकलेले, पांढरा शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत मागच्या सगळ्या पत्रांच्या पोची क्रमाने लावलेल्या. मिल सुरू करण्याबाबत केंद्राला आम्ही पाठवलेली ती पत्रं. मी एकदा म्हटलं, काका, मजकूर जरा बदलू का, नवीन मुद्दे टाकू? त्यांनी पिशवीतून शेवटची पोच काढून टेबलावर सरळ केली.

"मजकूर बरोबर हाय जी. तारीख तेवढी नवीन टाका."

मी जुनी फाइल उघडली, तारीख बदलली आणि नवा जावक क्रमांक टाकला. आमदार दौऱ्यावर होते. सही होईस्तोवर काका पायरीवर बसून राहिले.