शाळेच्या पाणथळ कोपऱ्यातील सुवासिक वनस्पती

खेड्यातील शाळेच्या आवारात हातपंपाच्या ओट्यालगत, जेथे मुलांच्या ताटांचे व हातपायांचे सांडपाणी वाहून जाते, तेथे चिखलाची एक जागा बहुधा असतेच. पाणी आठ-दहा दिवस उघडे साचून राहिले की त्यात डासांची एक पिढी पुरी होते; म्हणून ती जागा मुरूम टाकून बुजविण्याकडे कल असतो. परंतु त्यामुळे सांडपाणी थांबत नाही. चिखल केवळ चार हात पुढे सरकतो. ओल मानवणाऱ्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या सुवासिक वनस्पती तेथे लावल्यास ते पाणी कारणी लागते. मात्र वनस्पतींच्या वासाने डास पळतील अशी आशा धरू नये. खड्ड्यात दगड-विटांचे तुकडे व माती भरून पाणी पृष्ठभागाखाली राहील अशी व्यवस्था करणे, हाच डासांवरचा खरा उपाय होय.

शेगावच्या परिसरात प्रथम पाण्याची परीक्षा करावयास हवी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला व अमरावती या जिल्ह्यांत पसरलेला असून शेगाव तालुक्याचा भागही त्यात मोडतो. येथील काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. ते उन्हाने आटते व क्षार मागे उरतात. ओट्याभोवती उन्हाळ्यात पांढरा पापुद्रा धरत असेल, तर नाजूक वनस्पतींवर श्रम खर्च करू नयेत.

अशा जागेस वाळा सर्वांत योग्य. उन्हाळ्यात माठात टाकण्याच्या मुळ्या व कूलरच्या ताट्या ज्याच्या होतात, तेच हे गवत. ते क्षार पुष्कळ सोसते, काही काळ पाण्यात उभे राहते आणि ऊन पडून जमीन भेगाळली तरी तग धरते. त्याच्या मुळ्या आडव्या न पसरता सरळ खोल जातात व माती धरून ठेवतात. याच गुणामुळे १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेने मृदसंधारणासाठी त्याचा पुरस्कार केला. पावसाळ्याच्या आरंभी जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून, पाने वीतभर ठेवून कापावीत व दोन-तीन फुटवे एके ठिकाणी, फूटभर अंतराने लावावेत. मुळ्या सुमारे दीड वर्षाने, हिवाळ्यात काढाव्यात. सर्व ठोंब एकदम न उपटता एकाआड एक काढले, तर बांध उघडा पडत नाही.

पाणी गोडे असेल तर वेखंड लावावे. चिखल हेच त्याचे घर. पाने तलवारीसारखी, मधली शीर किंचित एका बाजूस, आणि चुरगळताच उग्र सुवास. पाणकणसाची पाने दुरून तशीच भासतात, पण त्यांना हा वास नसतो. मुलांना ओळख पटविण्यास ही खूण पुरे. जमिनीतील कांडाचे, डोळा असलेले तुकडे चिखलात उथळ लावले की ते फुटतात. वेखंड घरोघरी बाळघुटीत असते, त्यामुळे ते निरुपद्रवी असल्याची समजूत आहे. वस्तुतः भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते, आणि त्याच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेत १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी झाली. शाळेत ते पाहण्यापुरते व हुंगण्यापुरतेच ठेवावे. मुलांनी कांड चघळू नये, हे लावणीच्या दिवशीच बजावावे.

सोनटक्क्यास ओलीबरोबर सावलीही लागते. विदर्भातील उन्हात तो इमारतीच्या उत्तरेसच टिकेल. गवती चहा ओलाव्याचा भोक्ता खरा, पण पाणी साचल्यास त्याची मुळे कुजतात, म्हणून त्यास खड्ड्यात न लावता कडेच्या उंचवट्यावर जागा द्यावी. केवडा काटेरी पानांमुळे मुलांच्या वावरात नको. आणि नागरमोथ्याचा गड्डा कितीही सुगंधी असला, तरी तो मुद्दाम आणून लावण्याची कल्पना गावातील कोणाही शेतकऱ्यास सांगून पाहावी!

खरी अडचण उन्हाळ्याच्या सुटीची. शाळा बंद झाली की हातपंपाचे सांडपाणी थांबते, आणि मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो. मुरलेला वाळा हे दिवस काढतो. वेखंडाची कांडे मात्र भेगाळलेल्या मातीत वाळून जातात. सुटी लागण्यापूर्वी थोडी कांडे काढून गाळ भरलेल्या जुन्या घमेल्यात लावावीत व ते घमेले, जेथे रोज पाणी सांडते अशा एखाद्या घरी, मोरीजवळ सावलीत ठेवावे. ज्या घरात लहान मूल रांगते, ते घर यासाठी निवडू नये. पाऊस पडून शाळा सुरू झाली की तीच कांडे पुन्हा जागेवर लावता येतात.