गोफणीची थोरली बहीण

जोंधळा हुरड्यात आला की माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची, हे ज्यांनी लहानपणी केलंय त्यांना ट्रेब्युशे हे जुनं दगड फेकायचं यंत्र समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. गोफणीचा एक पदर बोटात अडकवलेला असतो, दुसरा चिमटीत. गरगर फिरवून नेमक्या क्षणी चिमट सैल केली की दगड सुटतो. आता हाताच्या जागी लांब लाकडी दांडा धरा आणि चिमटीच्या जागी दांड्याच्या टोकाला ठोकलेला वाकडा खिळा. दांडा फिरवायचं काम आखूड बाजूला टांगलेलं वजन करतं. यंत्र एवढंच.

आधी हे काम माणसं करत. इ.स. 712 मध्ये मुहम्मद बिन कासिमने सिंधमधल्या देबलला वेढा घातला, तेव्हा त्याच्याकडे ‘अरूस’, म्हणजे नवरी, नावाचं मंजनीक, म्हणजे दगड फेकायचं यंत्र, होतं. त्याचे दोर ओढायला 500 माणसं लागत, असं बलाझुरी हा अरबी इतिहासकार सांगतो. पुढे बाराव्या शतकाच्या सुमाराला भूमध्य समुद्राकाठी दोर ओढणाऱ्यांच्या जागी वजनाची पेटी आली आणि यंत्राचा स्वभावच पालटला. माणसं थकतात, कधी जोर लावतात कधी लावत नाहीत. पेटी मात्र दर वेळी तितक्याच ओढीने खाली येते. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1304 मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग किल्ल्यापुढे ‘वॉरवुल्फ’ नावाचं असंच अजस्र यंत्र उभारून घेतलं. आतले लोक शरण यायला तयार झाले, तरी यंत्राचा मारा झाल्याशिवाय त्याने ती शरणागती स्वीकारली नाही.

तेराव्या शतकातल्या व्हिलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या वहीत या यंत्राच्या बैठकीचा आराखडा आहे. मातीने भरायच्या वजनपेटीची मापंही त्याने लिहून ठेवली आहेत. पण वरच्या सांगाड्याचं चित्र असलेलं पान गहाळ झालंय. म्हणून आज हे यंत्र करू पाहणाऱ्याला बरंच काही स्वतःच ठरवावं लागतं, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला याहून चांगली सोय मला तरी माहीत नाही.

आमच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकलच्या पाच मुलांनी दीड मीटरचा दांडा घेतला. आसापासून आखूड बाजू 30 सेंटिमीटर, लांब बाजू 120. चारास एक हे प्रमाण जुनं, अनुभवाने ठरलेलं. लांब टोक जमिनीला टेकवल्यावर दांडा 45 अंशांत राहावा म्हणून आस 85 सेंटिमीटर उंचीवर बसवला. अशा वेळी वजन सुमारे अर्धा मीटर खाली येतं. पेटीत भंगारातलं 20 किलो लोखंड भरलं आणि टेनिसच्या चेंडूत वाळू भरून त्याचं वजन 200 ग्रॅम केलं. म्हणजे शंभरास एक. वजनाची सगळी ऊर्जा चेंडूला मिळाली आणि तो 45 अंशांत सुटला, तर तो 100 मीटर जायला हवा. हा आकडा मुलांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला.

पहिला चेंडू मागे गेला.

दुसरा सरळ वर गेला आणि आमच्यापासून चार पावलांवर पडला. मुलांनी आधी आस तपासला, मग बेअरिंगला वंगण घातलं. दोष खिळ्यात होता. चेंडू ठेवायच्या झोळीचा एक दोर दांड्याला कायमचा बांधलेला असतो, दुसऱ्याच्या टोकाला कडी असते आणि ती या खिळ्यात नुसती अडकवलेली असते. खिळा दांड्याच्या रेषेत सरळ असला की कडी लवकर निसटते आणि चेंडू आभाळात जातो. पुढे जास्त वाकवला की कडी उशिरा सुटते आणि चेंडू समोरच्या मातीत आदळतो. मंगळवेढ्याकडची एक मुलगी होती, तिने आजोबांची गोफण पाहिलेली. तिने पक्कड घेतली, खिळा किंचित वाकवला, खडबडीत टोक कानशीने घासून गुळगुळीत केलं. मग पुन्हा थोडा वाकवला. दर फेकीला कोन, झोळीची लांबी आणि अंतर वहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तिनेच घालून दिला.

दुपारपर्यंत चेंडू पन्नास मीटरच्या खुणेपलीकडे पडायला लागला. उरलेली ऊर्जा गेली कुठे? मोबाइलवर संथ गतीचं चित्रण पाहिल्यावर उत्तर सापडलं. चेंडू सुटला तरी दांडा जोरात फिरत होता आणि पेटी हेलकावत होती. उत्तम जमलेल्या यंत्रात चेंडू सुटताना दांडा जवळजवळ उभा असतो आणि वजन तळाशी क्षणभर थबकल्यासारखं दिसतं, कारण त्याची बहुतेक ऊर्जा तोवर चेंडूकडे गेलेली असते. मुलांनी दांड्याची लांब बाजू रंध्याने टोकाकडे निमुळती केली, कारण जड टोक फिरवण्यात वजन फुकट खर्ची पडतं. मग चौकटीला चाकं लावली. पेटी खाली येताना चौकट पुढे सरकते, पेटी अधिक सरळ रेषेत पडते आणि फेक वाढते. माझ्या मते या प्रोजेक्टचे गुण अंतराला देऊ नयेत, त्या वहीला द्यावेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हे खेळणं नव्हे. ताणलेल्या दांड्याखाली हात घालू नका, कळ लांब दोरीनेच ओढा, आणि यंत्राच्या पुढे तर नाहीच पण मागेही कोणाला उभं करू नका.

यंदा प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा घ्या. लाकूड आणायच्या आधी मात्र गावाकडे गोफण चालवणारं एखादं म्हातारं माणूस असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा, आणि पदर नेमका कधी सोडायचा ते त्याच्याकडून शिकून घ्या.