‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडच्या कडेला मुनिरका हे जुने गाव आहे. राजधानी वाढत गेली तशी गावाची शेते वसाहतींखाली आणि संस्थांखाली गेली. गावठाणात मात्र घराला घर लागून मजल्यावर मजला चढत राहिला. 1969 साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू विद्यापीठ येथून जवळच आहे. त्यामुळे मुनिरक्याच्या अरुंद गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्यांत देशाच्या सर्व भागांतून आलेले विद्यार्थी आणि नोकरदार राहतात. ईशान्य भारतातील तरुण-तरुणी त्यांत पुष्कळ आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार नागालँडच्या लोकसंख्येत सुमारे 88 टक्के आणि मिझोरामच्या लोकसंख्येत सुमारे 87 टक्के लोक ख्रिस्ती होते. साहजिकच या गल्ल्यांतील जिन्यांवर एक वाक्य वारंवार कानी पडते. कोणाची परीक्षा असते, कोणाला नोकरी मिळत नसते, कोणाचे वडील गावी अंथरुणाला खिळलेले असतात. ऐकणारा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, “मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन.”

अशा वेळी शेजारच्या खोलीत राहणारा मराठी विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. आई रुग्णालयात आहे असे त्याने सहज सांगितलेले असते. त्यावर मिळालेल्या या उत्तराबद्दल नुसते आभार मानावेत, की या माणसाने आपल्यासाठी खरोखरच काही करण्याचे पत्करले आहे असे समजावे? हे केवळ शिष्टाचाराचे बोल आहेत, की हे वचन आहे? आणि वचन असेल, तर ते कशाचे?

हा प्रश्न मराठी माणसाला वाटतो तितका परका नाही. वसईच्या कॅथलिक घरांत, अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हेच वाक्य पिढ्यान्‌पिढ्या मराठीत उच्चारले गेले आहे. त्याचा अर्थ समजण्यासाठी प्रथम ते कशापासून वेगळे आहे ते पाहिले पाहिजे.

आपल्या भाषेत दुसऱ्याचे भले चिंतण्याचे अनेक प्रकार आहेत. शुभेच्छा समान पातळीवरून दिली जाते. ती उच्चारली की देणाऱ्याचे काम संपते. आशीर्वाद वडीलधाऱ्यांकडून धाकट्यांना मिळतो. नवसात देवाशी करार असतो: अमुक झाले तर तमुक करीन. दुसऱ्यासाठी केलेली ख्रिस्ती प्रार्थना या तिहींहून निराळी आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत तिला ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणतात, आणि त्या शब्दातच तिचे मर्म आहे. मध्यस्थ दोघांच्या मध्ये उभा राहतो. प्रार्थना करणारा मनुष्य दुसऱ्याची गरज स्वतःची मानून ती देवापुढे नेतो. त्याच्यापाशी अधिकार नसतो आणि मोबदल्यात देण्याजोगेही काही नसते. त्याच्यापाशी असते ते दुसऱ्याचे नाव.

बायबलच्या जुन्या करारात अशा मध्यस्थांची चित्रे ठळक आहेत. सदोम नगराचा नाश होणार असे कळल्यावर अब्राहाम देवाशी रदबदली करतो. नगरात पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस असले तर? असे विचारीत तो दहापर्यंत येतो. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून पूजिले तेव्हा मोशे त्यांच्यासाठी क्षमा मागतो आणि क्षमा होणार नसेल तर आपलेही नाव देवाच्या पुस्तकातून पुसावे असे म्हणतो. शमुवेलाची गोष्ट तर प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडते. लोकांनी त्याच्या मनाविरुद्ध राजा मागून घेतला. तरीही तो त्यांना सांगतो की, तुमच्यासाठी प्रार्थना करण्याचे सोडणे हे माझ्या हातून परमेश्वराविरुद्ध घडलेले पाप ठरेल. म्हणजे ज्यांची जबाबदारी आपल्यावर आली त्यांच्यासाठी प्रार्थना न करणे ही साधी विसराळूपणाची बाब नाही. तो कर्तव्यभंग आहे.

येथे वचनाचे पहिले अंग स्पष्ट होते. ‘प्रार्थना करीन’ असे म्हणणारा भविष्यकाळातील आपला काही वेळ दुसऱ्याच्या नावे लिहून देतो. तो वेळ पुढे दिला गेला नाही तर वाक्य खोटे ठरते, आणि तेही देवाचे नाव मध्ये घालून बोललेले खोटे. म्हणून अनुभवी ख्रिस्ती माणसे या बाबतीत काटेकोर असतात. कोणी वहीत नावे टिपून ठेवतो, कोणी सकाळची ठरावीक वेळ त्यासाठी राखतो, आणि पुष्कळजण तर वचन पुढे न ढकलता त्याच जागी, जिन्यात उभ्या उभ्या, दोन वाक्यांची प्रार्थना करतात. मुनिरक्यातील शेजारी “आईंचे नाव काय?” असे विचारतो तेव्हा त्यात चौकशीपेक्षा अधिक काही असते. निनावी माणसासाठी हळहळ वाटू शकते. पण मध्यस्थी करावयाची तर नाव लागते.

नावाचे हे महत्त्व महाराष्ट्राने केडगावी पाहिले आहे. पंडिता रमाबाई (1858–1922) यांनी 1889 साली मुंबईत शारदासदन काढले, ते पुढे पुण्यास नेले, आणि दुष्काळाच्या वर्षांत केडगावच्या माळावर मुक्ती सदन वसविले. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी तेथील मुलींना विचारले की, इतरांसाठी दररोज एकत्र जमून प्रार्थना करण्यास कोण तयार आहे? आरंभी सुमारे 70 जणी पुढे आल्या. काही महिन्यांत ही संख्या शेकड्यांवर गेली. या प्रार्थनासंघांत हजारो व्यक्तींसाठी नावानिशी प्रार्थना होत असे. संस्थेच्या इंग्रजी वार्तापत्राचे नावच ‘मुक्ती प्रेयर बेल’, म्हणजे मुक्तीची प्रार्थनाघंटा, असे होते. प्रार्थना करणाऱ्यांत दुष्काळात घरदार गमावलेल्या, कालपर्यंत जगाच्या दयेवर असलेल्या मुली होत्या. ज्यांच्यासाठी कोणी काही मागितले नव्हते, त्याच आता इतरांसाठी मागू लागल्या. देण्यासारखे काहीच हाती नसलेल्या माणसालाही देता येईल अशी ही एक गोष्ट आहे, हे त्या माळावर दिसून आले.

परंतु मुक्तीत केवळ प्रार्थनाच होत नव्हती. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, अंधांचे शिक्षण होते. मध्यस्थीचे दुसरे अंग ते हेच. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. पण त्याच पत्रात असेही बजावले आहे की, उघड्या-उपाशी बांधवाला गरजेचे काही न देता नुसते गोड शब्द देऊन वाटेला लावणे व्यर्थ आहे. प्रार्थना हे हात झटकण्याचे साधन नव्हे. रुग्णालयात डबा पोहोचविणे शक्य असताना जो फक्त प्रार्थनेचे आश्वासन देतो, त्याने वचनाचा अर्धाच भाग ऐकला आहे. प्रामाणिकपणे प्रार्थना करणाऱ्याला बहुधा लवकरच जाणवते की, आपण देवाकडे मागितलेल्या मदतीपैकी काही भाग आपल्याच खोलीत पडून आहे.

तिसरे अंग मर्यादेचे आहे, आणि ते नाजूक आहे. एखाद्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याला आपल्या पंथाकडे ओढणे, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते. महाराष्ट्रात तिला जुना इतिहास आहे. शारदासदनात रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि इच्छा असलेल्या मुली आत येऊन बसत. यावरून पुण्यात मोठा वाद उसळला. ‘केसरी’ने कडक टीका केली, आणि 1893 साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती करीत नाही, परंतु आपले दारही लावून घेणार नाही. टीकाकारांचे म्हणणे असे की, आश्रयाला आलेल्या अल्पवयीन मुलीच्या बाबतीत उघडे दारसुद्धा एक प्रकारचे आमंत्रणच असते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. प्रार्थनेचे वचन जेव्हा दुबळ्या अवस्थेतील माणसाला दिले जाते, तेव्हा त्याला नको म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे, हा धडा त्या वादातून घेण्यासारखा आहे. “आपल्यासाठी प्रार्थना केली तर चालेल ना?” हा लहानसा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे.

मर्यादेचा दुसरा भाग गुप्ततेचा. सांगितलेले दुःख देवापुढे नेण्यासाठी सांगितलेले असते, चार लोकांपुढे मांडण्यासाठी नव्हे. “अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या घरी असे असे झाले आहे,” या वाक्याच्या आडून कुचाळकी सहज शिरते. जेथे एकाच जिन्यावर पंधरा खोल्या आहेत, तेथे हे भान विशेषच हवे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. ‘प्रार्थना करीन’ या वचनात ‘तुमचे काम होईल’ असे वचन असते काय? ख्रिस्ती परंपरेचे उत्तर नाही असेच आहे. आपल्या शिष्याची, पेत्राची, सत्त्वपरीक्षा येणार हे जाणून येशूने त्याच्या विश्वासासाठी प्रार्थना केली होती. तरी पेत्राने त्याच रात्री तीन वेळा त्याला नाकारले. प्रार्थनेने पडणे टळले नाही. पडलेला परत उठला. चौथ्या शतकात मोनिका या मातेने आपला मुलगा ऑगस्टीन याच्यासाठी कित्येक वर्षे प्रार्थना केली. त्याने समुद्र ओलांडून रोमला जाऊ नये म्हणून ती रडून विनवीत होती. तो तिला चकवून निघून गेला. पण इटलीतच त्याचे मन पालटले आणि 387 साली मिलान येथे त्याने बाप्तिस्मा घेतला. तिने जे मागितले ते नाकारले गेले; ज्यासाठी मागितले ते मिळाले. खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला दूर व्हावा असे मागितले, आणि तो दूर झाला नाही.

अलीकडच्या काळात प्रार्थनेचे परिणाम मोजण्याचाही प्रयत्न झाला. अमेरिकेतील 6 रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, एवढेच ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली आणि न झालेल्या गटात 51 टक्के रुग्णांना. आपल्यासाठी प्रार्थना नक्की होणार असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण 59 टक्के निघाले. यावरून देवाविषयी काही सिद्ध होत नाही. परंतु प्रार्थनेकडे औषधाची मात्रा म्हणून पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येते, एवढे खरे. तेथे प्रार्थना करणारे रुग्णांना ओळखत नव्हते. मुनिरक्याच्या जिन्यावरचे वचन ओळखीच्या माणसाने ओळखीच्या माणसाला दिलेले असते. त्याचा अर्थ त्या नात्यात शोधावा लागतो.

केडगावलाही दुःख चुकले नाही. ज्या ठिकाणी शेकडो स्त्रिया इतरांसाठी नित्य प्रार्थना करीत, तेथेच जुलै 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वयाच्या चाळिशीत वारली. रमाबाईंनी प्रार्थनाही सोडली नाही आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेले बायबलच्या मराठी भाषांतराचे कामही सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या निवर्तल्या. प्रार्थनेने दुःख टळेलच अशी हमी त्यांनी मागितलेली नव्हती.

मग प्रार्थना करणाऱ्याचे वचन नेमके कोणते? ते एवढेच, की तुमचे दुःख मी तुमच्या एकट्याचे राहू देणार नाही. या वचनाची कसोटी मित्रापेक्षा विरोधकाच्या बाबतीत अधिक लागते, कारण येशूने छळ करणाऱ्यांसाठीही प्रार्थना करण्यास सांगितले आहे. 3 मे 2023 रोजी मणिपुरात हिंसाचार उसळला. अशा वेळी दिल्लीत बसून गावच्या घराच्या काळजीत असलेल्या माणसाला आपल्या लोकांसाठी प्रार्थना करणे सोपे असते. पलीकडच्या माणसासाठी करणे फार कठीण. हिटलरच्या राजवटीत 1945 साली फाशी गेलेले जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर यांनी 1939 च्या एका पुस्तकात म्हटले होते की, ज्याच्यासाठी आपण मध्यस्थी करतो त्याचा द्वेष करणे आपल्याला अशक्य होऊन बसते. प्रार्थनेने समोरचा बदलेल किंवा न बदलेल. मागणारा मात्र पूर्वीचा राहत नाही.

शेवटी मुनिरक्यातील त्या विद्यार्थ्याकडे वळावे. आठवडाभराने जिन्यावर पुन्हा गाठ पडते. शेजारी थांबतो आणि त्याच्या आईचे नाव घेऊन विचारतो, “आता त्यांना कसे आहे?” नाव लक्षात राहिलेले असते, दुखणेही लक्षात राहिलेले असते. विद्यार्थ्याची श्रद्धा कोणतीही असो, वा कोणतीही नसो. त्या प्रश्नावरून त्याला कळते की, मधल्या सात दिवसांत कोणीतरी आपल्या आईची आठवण रोज काढीत होते.