दरोडेखोर, दारू आणि डिस्टॉर्शन

‘व्हिस्की इन द जार’ या जुन्या आयरिश लोकगीताची गोष्ट अशी: कॉर्क-केरीच्या डोंगरात एक दरोडेखोर कॅप्टन फॅरेलला लुटतो, पैसे नेऊन प्रेयसीच्या हवाली करतो आणि तीच बया त्याला पकडून देते. डब्लिनर्स ही लोकगायक मंडळी तिला जेनी म्हणत, थिन लिझी या रॉक बँडने तिची मॉली केली. दगा तोच.

१९७२ मध्ये डब्लिनच्या या थिन लिझीने हे गाणं रेकॉर्ड केलं, त्याची सुरुवात निव्वळ चेष्टेत झाली. लंडनच्या एका पबमध्ये वरच्या मजल्यावर सराव चालला होता आणि मनासारखं काही जमत नव्हतं. वैतागलेल्या गायक फिल लायनटने गिटार उचललं आणि तो टवाळकी म्हणून एकेक आयरिश गाणं म्हणायला लागला. नेमका तेव्हाच मॅनेजर जिना चढून वर आला. तबकडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे बी-साइडला, हेच टाकू, असं त्याने सुचवलं. गिटारवादक एरिक बेलने मात्र ही चेष्टा मनावर घेतली आणि सुरुवातीच्या गिटारच्या सुरावटीवर कित्येक आठवडे घालवले. पुढे रेकॉर्ड कंपनीने तबकडीची बाजूच उलटवली: ए-साइडला ठरलेलं गाणं मागे, हे पुढे. ब्रिटनमध्ये थेट सहावा नंबर! बँडला याचा आनंद कमी आणि वैताग जास्त. आपली स्वतःची गाणी राहिली बाजूला, लोक ओळखणार ते याच गाण्याने, ही धास्ती.

एरिक बेलने १९७३ च्या शेवटच्या रात्री, बेलफास्टमध्ये भर कार्यक्रमात, गिटार हवेत भिरकावून बँडला रामराम ठोकला. त्याची ती सुरावट मात्र पार अमेरिकेत पोचली. तिथल्या मेटॅलिका बँडने १९९८ मध्ये हेच गाणं लिझीच्या चालीवर, पण दणदणीत आवाजात वाजवलं आणि २००० मध्ये त्यावर ग्रॅमी मिळवलं. लोकगीताला मूळ मालक नसल्याचा हा फायदा. बिचाऱ्या कॅप्टन फॅरेलला कोणीच काही विचारलं नाही.

सुरुवातीला आलेला डब्लिनर्स हा काही रॉक बँड नव्हे, दाढीवाल्या लोकगायकांचा कंपू. पण १९६७ मध्ये त्यांचं ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ आयरिश सरकारी रेडिओने चावट ठरवून बंद केलं, तेव्हा समुद्रातल्या बोटीवरून चालणाऱ्या चोरट्या रेडिओ कॅरोलाइनने ते वाजवून वाजवून ब्रिटनमध्ये सातव्या नंबरवर नेलं. गंमत म्हणजे नावात रात्री सात, गाण्यात फक्त पाच. उरलेल्या दोन सोवळ्या कानांना झेपण्यातल्या नव्हत्या. वीस वर्षांनी हेच बुजुर्ग पोग्ज या बँडसोबत ‘द आयरिश रोव्हर’ गाऊन ब्रिटनच्या पहिल्या दहांत आले. पोग्जचा स्पायडर स्टेसी बासरीसारखी टिन व्हिसल वाजवायचा आणि लहर आली की बिअरचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा. यांच्यापुढे डब्लिनर्स अगदी सोज्वळ दिसले असणार.

माझा लाडका किस्सा मात्र हॉर्सलिप्सचा. डब्लिनमधल्या एका जाहिरात कंपनीतल्या पोरांना बिअरच्या जाहिरातीसाठी खोटा बँड म्हणून उभं केलं. कीबोर्डवाला कमी पडला, तोही शोधून आणला. मग त्यांना वाटलं, आता जमलोच आहोत तर खराच बँड काढू! पहिल्या अल्बमचं कव्हर त्यांनी कॉन्सर्टिना या वाद्याच्या आकारात कापून घेतलं. १९७३ मध्ये तर एका बैलापायी पेटलेल्या युद्धाची प्राचीन आयरिश दंतकथा घेऊन अख्खा अल्बम केला. त्यातल्या ‘डिअर्ग डूम’ गाण्याचा गिटार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरावट, ओ’नीलच्या घोडदळाच्या पारंपरिक कूच-धुनेवरून घेतलेला.

हाच रिफ १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात आयर्लंड संघाच्या गाण्यात परतला. निर्माता होता यू-टू बँडचा ड्रमर लॅरी मलन. त्या स्पर्धेत आयर्लंडने पाच सामन्यांत मिळून दोन गोल केले, पेनल्टी शूटआउट वगळता एकही सामना जिंकला नाही, तरी उपांत्यपूर्व फेरी गाठली. गाणं मात्र आयर्लंडमध्ये १३ आठवडे पहिल्या नंबरवर ठाण मांडून होतं.