हातात पाना घेतलेला शिपाई

दुसऱ्या महायुद्धात समुद्रापार जाऊन आलेल्या शिपायांची मुले आता स्वतः आजी-आजोबा झाली आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या तोंडून आम्ही एक वाक्य वारंवार ऐकले आहे : "आमचे बाबा लष्करात होते खरे, पण लढले नाहीत, ते नुसते मिस्त्री होते." त्या 'नुसते' या शब्दात थोडा संकोच असतो. शेजारच्या घरी मराठा पलटणीच्या शौर्यकथा सांगितल्या जातात, आणि आपल्या घरी सांगण्यासारखे काही नाही, असे त्या मुलांना वाटते. हा संकोच माहितीच्या अभावातून आलेला आहे. तो दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

यंत्रांचे युद्ध

१९३९ साली हिंदी लष्करात सुमारे दोन लाख माणसे होती. १९४५ साली ती संख्या पंचवीस लाखांच्या घरात गेली. युद्धाच्या तोंडावर कोठे घोडदळांचे घोडे जाऊन त्यांच्या जागी मोटारी व चिलखती गाड्या येऊ लागल्या होत्या. पाहता पाहता सारे सैन्य चाकांवर उभे राहिले. आता घोडा दमला तर त्यास चारा-पाणी द्यावे. यंत्र दमले तर काय करावे? त्याला हवा जाणता हात, योग्य हत्यार आणि वेळेवर मिळालेला सुटा भाग.

आरंभी हे दुरुस्तीचे काम निरनिराळ्या खात्यांत विखुरलेले होते. ही विस्कळित स्थिती परवडणारी नाही हे ओळखून ब्रिटनने १ ऑक्टोबर १९४२ रोजी विजेच्या व यांत्रिक कामांसाठी स्वतंत्र अभियंता दल उभारले. त्याच धर्तीवर १९४३ साली हिंदी लष्करातही असे दल स्थापन झाले. फिटर, वेल्डर, लोहार, सुतार, लेथवर काम करणारे, बिनतारी यंत्रे दुरुस्त करणारे, अशा नाना कसबांची माणसे त्यात एकत्र आली. ते सारे गणवेशातील शिपाई होते, हे विसरून चालणार नाही.

काम कसे चाले

दुरुस्तीची रचना पायऱ्यापायऱ्यांची असे. लढणाऱ्या पलटणीबरोबरच एक लहानशी तुकडी असे. थोड्या वेळात होण्याजोगे काम ती जागच्या जागी करी. त्याहून मोठे काम मागे असलेल्या फिरत्या कारखान्याकडे जाई. हा कारखाना म्हणजे लॉऱ्यांवर बसविलेली यंत्रे. सैन्य पुढे सरकले की तोही गाशा गुंडाळून पुढे निघे. आणि ज्या गाडीचा सांगाडाच तेवढा उरला, ती दूरच्या मोठ्या तळावर पाठवीत. इजिप्तमध्ये तेल-एल-केबीर येथे असाच एक विस्तीर्ण तळ होता.

या सर्वांत कठीण काम होते मोडलेले वाहन रणभूमीवरून ओढून आणण्याचे. वाळवंटातील युद्धात ज्याच्या हाती रणभूमी राही, त्याच्या हाती मोडके रणगाडेही राहत. जर्मन सैन्य या कामात मोठे तरबेज होते. तेव्हा आपला रणगाडा शत्रूच्या हाती पडण्यापूर्वी तो आणणे भाग असे. पुष्कळदा हे काम रात्री, दिवा न लावता, सुरुंग पेरलेल्या जमिनीतून करावे लागे. 'लढले नाहीत' असे म्हणणाऱ्यांनी या रात्री डोळ्यांपुढे आणाव्यात.

वाळू आणि चिखल

इजिप्त व लिबियात खरा वैरी होता धुरळा. पिठासारखी बारीक वाळू इंजिनात शिरे आणि पिस्टन व त्यावरची कडी झिजवून टाकी. हवा गाळणारी जाळी वेळोवेळी साफ केली नाही तर नवे इंजिनही अकाली म्हातारे होई. इंग्रजांचे पेट्रोलचे डबे पातळ पत्र्याचे, वाटेतच गळत. जर्मनांचे डबे भक्कम. ते हाती लागले की आपले लोक जपून वापरीत. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये अल अलामीनची लढाई झाली, तीत आपली चौथी डिव्हिजन होती.

१९४३ च्या सप्टेंबरपासून इटलीची मोहीम सुरू झाली आणि वाळूची जागा चिखलाने घेतली. शत्रूने उडविलेले पूल, फुगलेल्या नद्या, डोंगरातील वळणावळणाचे निसरडे रस्ते! ब्रेक, क्लच आणि कमानी यांची दुरुस्ती संपता संपत नसे. जेथे चाक चालेना तेथे शेवटी खेचरे आणावी लागली.

१९४४ च्या आरंभी चौथी डिव्हिजन कॅसिनोच्या डोंगराखाली झुंजत होती. त्या डोंगरावर संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापिलेला मठ होता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी तो बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला. याच संताने आपल्या मठवासीयांस घालून दिलेला एक नियम मोठा अर्थपूर्ण आहे : मठातील हत्यारे व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणेच जपावीत. तो मठ पुन्हा दगडावर दगड रचून उभा राहिला, आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचे पुनःसमर्पण केले.

याच इटलीत मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये प्राणार्पण करून, आणि नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांस वाचवून, व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांची नावे अमर झाली, ते योग्यच झाले. परंतु त्यांच्या सैन्यापर्यंत दारूगोळा व भाकरी नेणाऱ्या आणि जखमींस मागे आणणाऱ्या गाड्या चालू ठेवणारे हात अनामच राहिले.

मौन कशाचे?

बेळगाव जिल्ह्यातील एका वृद्ध भगिनीने आम्हांस सांगितले की, तिचे वडील युद्धानंतर गावोगाव पिठाच्या गिरणीची व पाण्याच्या पंपाची इंजिने दुरुस्त करीत. रोज संध्याकाळी पाने मोजून, तेलाच्या फडक्याने पुसून ठेवल्यावाचून ते जेवावयास बसत नसत. लहानपणी तिने विचारले, "बाबा, तुम्ही किती शत्रू मारलेत?" ते म्हणाले, "बाय, मी गाड्या मोजल्या, माणसे नाही." त्यापुढे ते कधी बोलले नाहीत.

या मौनाचे एक कारण आम्हांस ठाऊक आहे. जळालेला रणगाडा दुरुस्तीस येई तेव्हा आत बसलेल्यांचे अवशेष कधी कधी तसेच असत. ते काढून, आतील भाग धुऊन, मग कामास हात घालावा लागे. आणि दुरुस्त झालेली तोफ पुन्हा माणसेच मारणार, हेही त्या हातांना कळत होते. रुग्णगाडी आणि तोफ एकाच पान्याने दुरुस्त होते. हे ओझे त्यांनी मुकाट्याने वाहिले. शिवाय परत आल्यावर देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता. "इंग्रजांची चाकरी कशास केली?" असा प्रश्नही काहींच्या कानी आला. घरची चूल पेटावी म्हणून गेलेल्या माणसाने यास काय उत्तर द्यावे?

आता आपले काम

लष्करी पत्रांवर तपासनिसाची नजर असे. त्यांत ठिकाणाचे नाव लिहिता येत नसे. म्हणून पुष्कळ घरांत 'बाबा परदेशी होते' एवढेच ठाऊक असते. तरी जुनी पेटी उघडून पाहा. पदकाची फीत वाळूच्या रंगाची व मध्ये रुंद तांबडा पट्टा असेल, तर ते आफ्रिकेचे. लाल, पांढरे व हिरवे पट्टे असतील, तर ते इटलीचे. हिंदी शिपायांच्या पदकांवर क्रमांक, नाव व दलाची आद्याक्षरे बहुधा कोरलेली आढळतात. सुटकेचा दाखला असेल तर तो घडीवर फाटण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवा. ते दल आजही आहे. त्याचे केंद्र व दप्तर सिकंदराबाद येथे, तर विद्यालय बडोद्यास आहे. 'कर्म ही धर्म' हे त्याचे ब्रीद आहे.

आणि घरातील वृद्धांस जे आठवते ते या पावसाळ्यातच वहीत लिहून घ्या. नातवंडांनी विचारले, "पणजोबांनी लढाईत काय केले?" तर खाली मान घालू नका. सांगा, मोडलेले ते जोडीत होते. आणि 'नुसते' हा शब्द तेवढा गाळा.