ताण वाढत नाही, तरी तार लांबते

प्रयोगशाळेतील ताणकाटा आपण सर्वांनी हाताळला आहे. वजन दुप्पट केले की स्प्रिंगची वाढही दुप्पट होते. हा नियम हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. पोलादाची तारही लहान ताणाखाली तोच पाळते. परंतु निकेल व टायटेनियम यांच्या मिश्रधातूची, निटिनॉलची, तार हा नियम काही मर्यादेपर्यंतच पाळते. पुढे ताण जवळजवळ तेवढाच राहतो आणि तार मात्र लांबत जाते. ताण काढला की ती पुन्हा मूळ लांबीवर येते. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी १९५९ च्या सुमारास या धातूचा अभ्यास आरंभला.

असे का व्हावे? उकळत्या पाण्याखालचा जाळ वाढविला तरी पाण्याचे तापमान वाढत नाही. पाण्याची वाफ होण्यात ती उष्णता खर्ची पडते. तारेतही असेच अवस्थांतर घडते. तिचे अणू आरंभी ऑस्टेनाइट नावाच्या रचनेत असतात. ताणाखाली ते मार्टेन्साइट या अधिक लांबट रचनेत जातात. मात्र सर्व तार एकदम बदलत नाही, तुकड्यातुकड्याने बदलते.

तार बारीक असल्याने तिच्या लांबीच्या दिशेपुरताच विचार केला तरी चालतो. ही सोय ओळखून जेरल्ड एरिकसेन यांनी १९७५ साली एक साधे गणिती प्रतिरूप मांडले. आडव्या अक्षावर तारेची शेकडा वाढ आणि उभ्या अक्षावर तीत साठलेली ऊर्जा घ्यावी. हूकच्या तारेचा आलेख एका वाटीसारखा येतो. या तारेच्या आलेखात दोन खोलगट भाग आणि मध्ये एक उंचवटा असतो. आता दोन्ही खोलगट भागांना खालून स्पर्श करील अशी सरळ पट्टी लावा. उंचवटा चढण्यापेक्षा तारेचा काही भाग एका स्पर्शबिंदूवर व उरलेला दुसऱ्यावर राहिला, तर एकूण ऊर्जा कमी लागते. पट्टीचा चढ म्हणजेच ताण; आणि सरळ पट्टीचा चढ सर्वत्र सारखाच!

एक उदाहरण घेऊ. समजा, स्पर्शबिंदू १ टक्का व ६ टक्के वाढीवर आहेत आणि १०० मिलिमीटर लांबीची तार ३ मिलिमीटर ताणली आहे. मूळ लांबीपैकी ४० मिलिमीटर भाग नव्या अवस्थेत गेला, तर त्याची वाढ २.४ आणि उरलेल्या ६० मिलिमीटरची ०.६, बेरीज बरोबर ३. वाढ ४ मिलिमीटर केली, तर नवा भाग ६० मिलिमीटर होईल. ताण मात्र तोच राहील.

परंतु हा ४० मिलिमीटरचा भाग सलग असेल की दहा ठिकाणी विखुरलेला, हे या प्रतिरूपातून ठरत नाही. दोन अवस्थांमधील प्रत्येक सीमेलाही ऊर्जा लागते असे मानून कार, गर्टिन व स्लेमरॉड यांनी १९८४ साली दाखविले की, पुरेशा लांब तारेत एकच सीमा असणे सर्वांत काटकसरीचे ठरते.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. प्रतिरूपाप्रमाणे ताणताना व सोडताना बल एकच हवे. प्रत्यक्षात सोडतानाचे बल बरेच कमी भरते, कारण नवी अवस्था सुरू होण्यासाठी आणि तिची सीमा पुढे सरकण्यासाठी जादा बल लागते. वाकडे दात सरळ करण्यासाठी दंतवैद्य हीच तार बसवितात. पोलादी तारेचे बल दात थोडा सरकताच झपाट्याने उतरते. निटिनॉलचे बल बराच काळ सौम्य व जवळजवळ स्थिर राहते. पण दातावर काम करते ते सोडतानाचे, खालचे बल. केवळ साध्या गणितावर विसंबून राहिल्यास त्याचा अंदाज चुकेल.

म्हणून गणिताने तारेचे वागणे का घडते ते सांगावे, आणि प्रयोगाने ते कोठे अपुरे पडते ते दाखवावे. हिशेब व मोजणी यांत जो फरक उरतो, तो खोडून टाकू नका. पुढचा प्रश्न पुष्कळदा तेथेच दडलेला असतो.